रिकाम्या नळ्या, गुलाबाची पाने आणि घडीचे पुस्तक: एका विद्यार्थिनीच्या तीन प्रकल्पांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातील विद्यार्थिनी सातवीच्या वर्गातील आहे. शाळेच्या वार्षिक योजनेनुसार प्रत्येक विद्यार्थ्याने वर्षभरात तीन कृतिप्रकल्प करायचे असतात. पहिल्या सत्रात रचना व हस्तकलेचा, दोन्ही सत्रे मिळून निसर्ग-निरीक्षणाचा आणि वर्षाअखेरीस भाषेच्या तासाला सादर करायचा कथाकथनाचा. तिन्ही प्रकल्पांचे मार्गदर्शक वेगळे, गुणपत्रके वेगळी आणि जमा करण्याच्या तारखाही वेगळ्या. मी निसर्ग-निरीक्षणाची मार्गदर्शक होते; पुढे जे घडले त्यामुळे उरलेल्या दोन प्रकल्पांशीही माझा जवळून संबंध आला. हे लेखन विद्यार्थिनीची नोंदवही, माझी स्वतःची टिपणे आणि इतर दोन शिक्षकांशी वेळोवेळी झालेले बोलणे यांच्या आधारे केले आहे. तिची आणि पालकांची संमती घेतली असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण तिच्या ज्या वस्तूला आम्ही जवळजवळ पूर्ण गुण दिले ती वस्तू ज्या कामासाठी केली होती त्या कामाला आली नाही आणि ज्या कामातून ती खरोखर शिकली ते आमच्या गुणपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

पहिली पेटी

रचनेच्या प्रकल्पासाठी तिने मधमाश्यांसाठी घर करायचे ठरवले. वस्तू देखणी झाली. फळ्यांची चौकट, वर उतरते छप्पर, आत बांबूच्या 40 नळ्या दाटीने रचलेल्या, बाहेरून पिवळा आणि निळा रंग, दर्शनी भागावर फुलांची नक्षी. सांधे घट्ट होते, कोपरे काटकोनात जुळले होते. गुणपत्रकात नीटनेटकेपणा, मापांची अचूकता, कल्पकता आणि सादरीकरण अशी चार सदरे होती आणि चारही सदरांत तिला उत्तम शेरा मिळाला. प्रदर्शन संपल्यावर पेटी सुतळीने बांधून व्हरांड्याच्या तुळईला टांगण्यात आली.

त्यानंतरचे सहा आठवडे एकही माशी आत गेली नाही. या काळातली नोंदवहीची पाने दर शनिवारच्या एकेका ओळीची आहेत: ‘कोणी नाही.’ पुढच्या शनिवारी पुन्हा ‘कोणी नाही.’ चौथ्या आठवड्यात मात्र दोन वाक्ये आहेत: ‘डावीकडच्या वरच्या नळीत कोळ्याने जाळे केले. त्या नळीतून पलीकडचे आकाश दिसते.’ दुसऱ्या वाक्यात पेटीचा सर्वांत मोठा दोष तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवला होता. तो दोष आहे हे तिला ठाऊक नव्हते आणि वही तपासताना मलाही ते उमगले नाही. त्या पानावर माझी बरोबरची खूण आहे आणि तारीखही आहे.

दोष समजण्यासाठी या माश्यांचे जीवन थोडे जाणून घ्यावे लागते. जगात मधमाश्यांच्या 20,000 हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी पोळे बांधून, राणी आणि कामकरी अशा व्यवस्थेने राहणाऱ्या जाती थोड्या. बहुसंख्य जातींमध्ये प्रत्येक मादी आपले घरटे एकटीने करते आणि मधाचा साठा करत नाही. या एकट्या राहणाऱ्या माश्यांतील बऱ्याच जमिनीत बीळ करतात. उरलेल्यांपैकी काही पोकळ काड्यांत किंवा लाकडातील जुन्या भोकांत घरटे करतात. पेटी अशा माश्यांसाठी असते. त्यांना मागच्या बाजूने बंद असलेली नळी लागते, कारण मादी आतल्या टोकापासून दाराकडे एकामागून एक खोल्या रचत येते. नळीचा व्यास जातीनुसार साधारण 2 ते 10 मिलिमीटर असावा लागतो. पेटी वाऱ्याने हलता कामा नये, तिच्यावर सकाळचे ऊन पडले पाहिजे आणि नळीच्या तोंडाशी लाकडाची कुसळे नसावीत, कारण आत-बाहेर करताना त्यांवर पंख फाटतात. आमच्या पेटीतील नळ्या दोन्ही टोकांनी उघड्या होत्या, बहुतेकींमध्ये बोट जाईल एवढ्या रुंद होत्या, पेटी सावलीत होती आणि वारा आला की झोके घेत होती.

इथे माझ्या वाट्याची एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. सत्राच्या सुरुवातीला मी वर्गाला जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याची हकिगत सांगितली होती: 1941 मध्ये फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली गोखरूसारखी काटेरी फळे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांचे आकडे पाहिले आणि त्यातून वेल्क्रोची पट्टी जन्माला आली. निसर्ग पाहा आणि वस्तू करा, एवढाच बोध मुलांनी घेतला असणार, कारण तेवढाच मी दिला होता. पेटंट 1955 मध्ये मिळाले, म्हणजे मधल्या चौदा वर्षांत आकडे आणि फासे यांचे नमुने पुन्हा पुन्हा करून पाहण्याचे काम चालले होते, हे मी सांगितलेच नाही. आमच्या वार्षिक योजनेतही त्या मधल्या वर्षांना जागा नव्हती: पेटी प्रदर्शनात मांडली की प्रकल्प संपत होता.

गुलाबाची पाने

निसर्ग-निरीक्षणासाठी तिने बागेच्या एका कोपऱ्यातील गुलाबाचे झुडूप निवडले होते. त्याचा पेटीशी काही संबंध असेल असे तिला किंवा मला वाटले नव्हते. सातव्या आठवड्यात तिने पाने कुरतडलेली पाहिली आणि ‘अळीने पाने खाल्ली’ अशी नोंद केली. मी विचारले, अळी दिसली का? नाही दिसली. मग विष्ठेचे काळे दाणे खालच्या पानांवर पडले आहेत का? तेही नव्हते. तेव्हा नोंद खोडू नकोस, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह घाल आणि पाने नीट बघ, एवढेच मी सांगितले.

पुढच्या चार दिवसांची पाने ही या वहीतील सर्वांत चांगली पाने आहेत. तिने कातरलेली बारा पाने आलेखाच्या कागदावर ठेवून प्रत्येकाची कड पेन्सिलीने गिरवून घेतली. गिरवताना तिला दिसले की कड दातेरी नाही, कंपासने काढावी तशी गोल आहे, आणि कापलेले आकार दोनच प्रकारचे आहेत: एक जवळजवळ पूर्ण वर्तुळ, दुसरा लांबट, अंड्यासारखा. अळी जिथे खाते तिथे पान वेडेवाकडे होते आणि पुष्कळदा शिरा तेवढ्या शिल्लक राहतात. इथे शिरेसकट तुकडाच नेला होता. ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, हे कोणी खाल्लेलं नाही. कापून नेलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मधल्या सुट्टीत तिने कापणारी पाहिली. घरातल्या माशीपेक्षा जरा मोठी, करड्या रंगाची माशी पानाच्या कडेवर बसली, पान पायांत धरून स्वतःभोवती फिरत गेली आणि काही सेकंदांत तुकडा पोटाखाली धरून उडाली. पाने कातरून घरटे करणारी ही एकटी राहणारी मधमाशी. ती पान खात नाही. लांबट तुकड्यांनी ती खोलीच्या भिंती रचते, आत पराग आणि मकरंद यांचा लगदा भरते, त्यावर एक अंडे घालते आणि गोल तुकड्यांनी झाकण लावते. पराग ती मागच्या पायांवर आणत नाही. पोटाच्या खालच्या बाजूला दाट केसांचा ब्रश असतो, त्यात भरून आणते. विद्यार्थिनीच्या वहीत दोन दिवसांनी ‘पोट पिवळे झाले आहे, आजारी असेल का?’ अशी नोंद सापडते. त्या प्रश्नाचे उत्तर हे.

माशी नेमकी जाते कुठे, याचा माग काढायला तिला आणखी आठ दिवस लागले. जुन्या दाराच्या चौकटीत बिजागरीच्या स्क्रूचे एक रिकामे भोक होते, तिथे ती जात होती. भोक केवढे आहे हे मोजायचे कसे? तिने पेन्सिल लावून पाहिली, ती आत जाईना. बॉलपेनची रिफिल घातली, ती सैल फिरली. शेवटी कार्यशाळेतून ड्रिल मशीनची पाती मागून आणली आणि माशी बाहेर गेलेली असताना एकेक पात्याची नुसती बूड तोंडाशी टेकवून पाहिली. 6 मिलिमीटरचे पाते नेमके बसले. मग ती टांगलेल्या पेटीकडे गेली आणि तेच पाते तिथल्या नळ्यांत घालून पाहू लागली. पहिल्या चार-पाच नळ्यांत ते आरपार गेले आणि पलीकडे जमिनीवर पडले.

त्या दिवशीच्या नोंदीत तिने चौथ्या आठवड्यातील वाक्य पुन्हा उतरवून काढले आहे, ‘त्या नळीतून पलीकडचे आकाश दिसते’, आणि त्याखाली लाल शाईने रेघ ओढली आहे. पुढे काही लिहिलेले नाही.

दुसरी पेटी

रचनेचा प्रकल्प तोवर जमा होऊन गुण लागले होते. नियमाप्रमाणे तो विषय संपला होता. तिने पेटी पुन्हा करायची परवानगी मागितली, तेव्हा हस्तकलेच्या शिक्षकांना प्रश्न पडला की हे काम कोणत्या खात्यात धरायचे. शेवटी निसर्ग-निरीक्षणाचा भाग म्हणून ते करावे असे ठरले. ही सोय तात्पुरती होती, पण ती झाली नसती तर हे प्रकरण इथेच थांबले असते.

दुसऱ्या पेटीत नळ्या 24 होत्या. प्रत्येक नळी बांबूच्या गाठीच्या पलीकडे कापलेली, म्हणजे गाठच मागची भिंत झाली. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर, व्यास 5 ते 8 मिलिमीटर. तोंडे पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली होती. छप्पर पुढे आले होते, पेटी पूर्वेकडच्या भिंतीला स्क्रूने पक्की बसवली होती आणि रंग कोठेही नव्हता. लांबीचा आग्रह तिला सुरुवातीला पटला नव्हता. लहान नळ्या जास्त बसतील असे तिचे म्हणणे होते आणि ते वरवर बरोबरही होते. पण या माश्यांमध्ये फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो, आणि मादी सहसा आतल्या खोल्यांत माद्यांची, दाराजवळच्या खोल्यांत नरांची अंडी घालते. नळी आखूड असेल तर नर वाढतात, माद्या कमी होतात. फ्रेंच निरीक्षक जाँ-आंरी फाब्र यांनी नळ्यांची मापे बदलून हे प्रयोगाने दाखवले होते. त्यांची साधने म्हणजे काचेच्या नळ्या, बोरू आणि भरपूर धीर. हे समजल्यावर लहान नळ्यांची मागणी तिने स्वतःच मागे घेतली.

तिने एक भर स्वतःच्या विचाराने घातली. एका फळीत लांब खाच कोरली, त्यावर पारदर्शक पट्टी लावली आणि पट्टीवर काळ्या पुठ्ठ्याचे उघडझाप करता येणारे झाकण बसवले, म्हणजे आत काय चालले आहे ते दिसेल. येथे एक खरा पेच होता आणि तो तिला आधी सांगणे मी योग्य मानले: लाकूड आणि बांबू ओल शोषून घेतात, प्लास्टिक घेत नाही, ओल साचली की परागाच्या लगद्यावर बुरशी येते. पाहण्याची सोय आणि पिलांची सुरक्षितता यांत ओढाताण होणार होती. तिने खाच एकच ठेवली आणि झाकण आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी उघडायचे ठरवले. तरीही दुसरी खोली राखाडी झाली. त्या नोंदीत तिने ‘माझ्यामुळे’ असा शब्द लिहिला आहे. मी तो शब्द बदलायला सांगितला नाही, पण त्याच्याशेजारी ती ओल कशी साचली असावी याचे कारण लिहायला लावले. दोष कबूल करणे आणि दोषाचे कारण सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाराव्या वर्षी पहिली गोष्ट मनाला फार लागते.

सत्र संपेपर्यंत 24 पैकी 5 नळ्यांची तोंडे बंद झाली. तीन पानांनी, दोन चिखलाने. चिखलाच्या नळ्या तिने सुरुवातीला ‘घुसखोर’ या मथळ्याखाली नोंदल्या. चिखलाने तोंड लिंपणाऱ्या या कुंभारीण माशीच्या जातकुळीतील एकट्या गांधीलमाश्या. त्या पराग साठवत नाहीत, अळ्यांना नांगी मारून लुळे करतात आणि आपल्या पिलांसाठी जिवंत शिधा म्हणून खोलीत भरतात. गुलाबाच्या झुडपावर अळ्या का दिसल्या नाहीत, याचे निदान एक कारण त्या दोन नळ्यांत असू शकेल असे मी तिला सुचवले; सिद्ध झालेले नाही हेही सांगितले. तिने मथळा खोडून ‘दुसरे भाडेकरू’ असा केला.

खरी घुसखोर पुढे आली. टोकदार, शंकूसारखे पोट असलेली एक काळसर माशी पानांनी रचल्या जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी वारंवार घुटमळू लागली. ही दुसऱ्या जातीच्या घरट्यात अंडे घालणारी माशी असते. तिची अळी यजमान अंड्याचा किंवा अळीचा नाश करून साठवलेल्या परागावर वाढते. विद्यार्थिनीला तिला हुसकून लावायचे होते. तिने विचारलेही. मी नको म्हणाले आणि माझे म्हणणे तिला त्या वेळी पटले नाही. वहीत तसे स्पष्ट लिहिलेले आहे. निरीक्षकाने मध्ये पडावे की पडू नये हा प्रश्न पेटी बांधल्याच्या क्षणी अर्धा सुटलेला असतो, कारण घर आपणच पुरवलेले असते. तिचा राग मला गैर वाटला नाही.

राणीची गोष्ट आणि तिचे पुनर्लेखन

कथाकथनाच्या प्रकल्पासाठी तिने पहिला खर्डा पहिल्या पेटीच्या दिवसांतच लिहून ठेवला होता. त्यात राणीमाशी होती, सोनेरी महाल होता, पहारेकरी होते, मधाचे रांजण होते आणि महालावर चाल करून येणारा दुष्ट भुंगा होता. भाषा सफाईदार होती. भाषेच्या शिक्षिकेने त्याचे कौतुक केले, आणि भाषेच्या दृष्टीने ते योग्यच होते.

दुसऱ्या सत्रात तिने तो खर्डा स्वतःच परत मागून घेतला. कारण विचारल्यावर ती म्हणाली, “हिला राणी नाही, बाई. हिला कोणीच नाही.” एकटी मादी काही आठवडे जगते, खोल्या रचते, अंडी घालते, दार बंद करते आणि पिले बाहेर पडण्याच्या आत बहुधा मरून जाते. आई आणि पिले यांची भेट होत नाही. यात संवाद नाही, पाठलाग नाही, विजय नाही. गोष्ट सांगण्याच्या ज्या सवयी तिच्या हाताला होत्या, त्यांतली एकही इथे उपयोगाची नव्हती. माशीला बोलायला लावायचे का, यावर ती आणि तिची शिक्षिका यांच्यात बराच खल झाला. शिक्षिकेचे मत असे की बालकथेत प्राणी बोलले म्हणून विज्ञान बुडत नाही, आणि मला ते मान्य आहे. परंतु विद्यार्थिनीला जे सांगायचे होते ते माशी बोलली असती तर सांगता आले नसते, कारण तिची गोष्टच अशी होती की आईने पिलांना काहीही न सांगता सगळे सांगून ठेवले आहे.

त्यातून पुस्तकाचा आकार ठरला. तिने एका लांब कागदी पट्टीची सहा घड्यांची वही केली आणि ती पुठ्ठ्याच्या अरुंद खोक्यात सरकवली. खोक्याचे एक टोक बंद, दुसरे उघडे, म्हणजे खोके हीच नळी. पट्टी तोंडाकडून ओढली की एकेक खोली बाहेर येते. मग अडचण उभी राहिली, आणि ती फार सुंदर अडचण होती. आईने सर्वांत आधी घातलेले अंडे सर्वांत आत असते आणि तोंडाजवळची खोली सर्वांत शेवटची असते. वाचक मात्र तोंडाकडून वाचायला सुरुवात करणार. म्हणजे गोष्ट उलटी सांगावी लागणार. बाहेर पडताना दाराजवळचे नर आधी निघतात, म्हणजे शेवटी घातलेले आधी बाहेर. तिने आधी पट्टी उलटी भरून पाहिली, म्हणजे घटना घडल्या त्या क्रमाने येतील, पण मग खोके नळीसारखे राहीना. शेवटी तिने गोष्टच बदलली. पहिल्या पानावर बंद दार आहे, दुसऱ्यावर त्यामागचे पिलू, आणि प्रत्येक पानाबरोबर वाचक आईच्या दिवसांत एकेक खोली मागे जातो. शेवटच्या घडीवर रिकामी नळी आहे आणि तोंडाशी माशी नुकतीच येऊन बसली आहे.

ही पट्टी तिने दुसरीच्या मुलांना वाचून दाखवली. मी मागे बसून होते. तिसऱ्या खोलीपर्यंत मुले शांत होती. चौथ्या घडीशी एका मुलाने हात वर न करताच विचारले, “अंधारात पिलाला कसं कळतं दार कुठे आहे ते?” तिला उत्तर येत नव्हते आणि मलाही त्या क्षणी देता आले नाही. तिने प्रश्न पट्टीच्या मागच्या बाजूला लिहून घेतला, मुलाला सांगितले की शोधून सांगते, आणि गोष्ट पुढे नेली.

उत्तर चिखलाच्या नळीत सापडले. त्या दोन नळ्यांपैकी एकीतील माश्या निघून गेल्या होत्या, त्यामुळे ती चिरून पाहायला हरकत नव्हती. आत तुटलेल्या पडद्यांचे तुकडे होते. तिने एक तुकडा चिमटीत धरून दोन्ही बाजूंवरून नख फिरवले. एक बाजू खरखरीत, दुसरी गुळगुळीत. तिने तेच दुसऱ्या तुकड्यावर करून पाहिले, मग माझ्या तळहातावर दोन्ही तुकडे ठेवले आणि मलाही नख फिरवायला लावले. मादी नळीच्या तोंडाकडून काम करते, म्हणून तिच्या समोरची बाजू लिंपली जाते आणि पलीकडची तशीच राहते. केनेथ कूपर या कीटकशास्त्रज्ञाने 1957 मध्ये अशाच एका गांधीलमाशीवर काम करून दाखवले होते की कोषात जाण्यापूर्वी अळी पडद्याच्या पृष्ठभागावरून आणि त्याच्या वक्रतेवरून दाराची दिशा ओळखते आणि डोके त्या दिशेला करून स्थिर होते. बांधकामाची पद्धत हाच निरोप असतो. पाने कातरणाऱ्या माश्यांमध्ये नेमके असेच घडते असा दावा विद्यार्थिनीने केला नाही. तिने त्या खोलीपुरते भाडेकरू बदलले आणि चौथ्या घडीवर चिखलाच्या माशीचे पिलू आणले.

त्या घडीच्या एका बाजूला तिने पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवला, दुसऱ्या बाजूला चकचकीत कागद, आणि खाली लिहिले: ‘डोळे मिट. बोट फिरव. दार कुठे आहे?’ पॉलिश पेपरचा तो तुकडा दुसऱ्या पेटीच्या नळ्या घासून उरलेला होता. पुढच्या वाचनात मुले त्या पानावर थांबली ती थांबलीच. पट्टी हातोहात फिरली आणि घडी वापरून मऊ झाली.

गुणपत्रकाचा प्रश्न

तिन्ही शिक्षक मूल्यमापनाला एकत्र बसलो तेव्हा मतभेद झाले. हस्तकलेच्या सदरांनुसार पहिली पेटी दुसरीपेक्षा सरस ठरते: रंग, नक्षी, सफाई सगळे तिच्यात जास्त. भाषेच्या सदरांनुसार पहिला खर्डा सरस ठरतो, कारण त्यात शब्दसंपत्ती अधिक आहे आणि प्रसंग जास्त आहेत. निरीक्षणाच्या गुणपत्रकात ‘निष्कर्ष’ या रकान्याला सर्वाधिक भार होता आणि तिच्या वहीत ठाम निष्कर्ष फार थोडे होते, प्रश्न मात्र पुष्कळ.

कृतीतून शिक्षणाचा विचार नवा नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी शिकागोमध्ये प्रयोगशाळा-शाळा सुरू केली ती 1896 मध्ये, आणि त्यांचे सहकारी विल्यम किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवरचा आपला निबंध 1918 मध्ये प्रसिद्ध केला. मुलाने मनापासून ठरवलेला हेतू हा प्रकल्पाचा गाभा, असे किलपॅट्रिक यांचे प्रतिपादन होते. या प्रकरणाकडे पाहताना मला त्यात एक भर घालावीशी वाटते. पहिल्या पेटीमागे मनापासूनचा हेतू होताच. कमी होता तो त्या हेतूला नकार देऊ शकणारा कोणीतरी. शिक्षक, पालक, प्रदर्शनाला आलेले पाहुणे, सगळ्यांनी पेटीला होकार दिला. नकार दिला तो माशीने, आणि तो ऐकू यायला सहा आठवड्यांच्या रिकाम्या नोंदी लागल्या. पुढे गोष्टीला नकार दिला तो दुसरीतल्या मुलाच्या प्रश्नाने. दोन्ही वेळा कामाची दिशा त्या नकाराने बदलली, आणि दोन्ही वेळा आमच्या वेळापत्रकाने ठरवलेली मुदत तोवर उलटून गेली होती.

निसर्ग, रचना आणि कथा यांची सांगड घालावी असे कोणी ठरवले नव्हते, हेही इथे नोंदवले पाहिजे. एकात्मिक प्रकल्प म्हणून जे काही आम्ही पूर्वी योजले त्यात तीन विषयांना एकच मथळा मिळत असे आणि कामे समांतर चालत. इथे एका कामात अडले की उत्तर दुसऱ्या कामात शोधावे लागले: व्यासाचे उत्तर गुलाबाच्या पानांनी दिले, पुस्तकाच्या रचनेचे उत्तर नळीने दिले, आणि गोष्टीतल्या प्रश्नाने चिखलाचा तुकडा पुन्हा हातात घ्यायला लावला. तिन्ही कामांना जोडणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे दोनशे पानांची साधी, रेघांची नोंदवही, जिला कोणत्याही गुणपत्रकात स्वतंत्र स्थान नव्हते.

मर्यादा आणि पुढील वर्षाची व्यवस्था

एका विद्यार्थिनीच्या एका वर्षावरून सर्वांसाठी पद्धत ठरवता येणार नाही. तिला चित्रे काढण्याची गोडी आधीपासून होती, घरी वेळ मिळत होता, आणि झुडपावर नेमकी ती माशी आली हा योगायोग होता. त्याच वर्गातील इतर काहींच्या वह्यांत ‘कोणी नाही’ ही ओळ शेवटपर्यंत बदलली नाही, आणि त्या मुलांकडे मी पुरेसे लक्ष दिले नाही. त्यांच्या रिकाम्या ओळींतही कुठेतरी आकाश दिसल्याची नोंद असेल, ती आता मागे जाऊन शोधण्याचे काम माझ्याकडे आहे.

पुढील वर्षासाठी आम्ही तिघांनी काही बदल मान्य केले आहेत. रचनेचा प्रकल्प दोनदा जमा करता येईल, आणि दुसऱ्या वेळी पहिल्या वस्तूत काय चुकले याचे टिपण जोडावे लागेल. नोंदवहीला तिन्ही विषयांत गुण असतील आणि ती तिन्ही शिक्षक वाचतील. गोष्ट अंतिम करण्यापूर्वी ती लहान वर्गात एकदा वाचून दाखवायची आणि आलेले प्रश्न लिहून आणायचे. हस्तकलेच्या शिक्षकांनी सुचवलेली एक अट मला विशेष आवडली: एखाद्या प्राण्यासाठी किंवा माणसासाठी वस्तू करायची असेल, तर ती बांधायला घेण्याआधी त्याची किमान दोन आठवड्यांची नोंद हवी.

पेटीचा प्रश्न वेगळा आहे. वापरलेल्या नळ्या तशाच ठेवल्या तर त्यांत बारीक कोळीकिडे (माइट) आणि बुरशी साठत जातात, म्हणून पिले निघून गेलेल्या नळ्या काढून नव्या घालाव्या लागतात. विद्यार्थिनी पुढच्या वर्गात गेली तरी हे काम तिने स्वतःकडे ठेवले आहे आणि सहावीतल्या दोन मुलांना सोबत घेतले आहे. तिने त्यांच्यासाठी पेटीच्या बाजूला एक चिठ्ठी लावली आहे. तीत नळ्यांची मापे आहेत, ओल पाहण्याची पद्धत आहे, आणि शेवटची सूचना अशी आहे की पानांनी बंद असलेल्या तीन नळ्यांपैकी एकीतून अजून कोणी बाहेर आलेले नाही, ती हलवू नये आणि तिच्या तोंडाशी रोज सकाळी बघून तारीख लिहावी.